मुलगी सातवीत आहे, कोणत्या गावात घर घ्यावं?

प्रश्न: आम्ही जर्सी सिटीत भाड्याने राहतो. मोठी मुलगी सातवीत, धाकटा दुसरीत. नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळ, तिथे त्याला आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. माझं ऑफिस प्लेन्सबरोला, तिथे रोज जाणं-येणं. दोघं एच-१बी व्हिसावर आहोत. मुलीच्या हायस्कूलसाठी उपनगरात घर घ्यायचं म्हणतोय, आठ लाख डॉलरपर्यंत. मैत्रिणींपैकी कोणी एडिसन सुचवतं, कोणी वेस्ट विंडसर, कोणी ब्रिजवॉटर. घरांच्या वेबसाइटवर बघितलं तर सगळ्याच शाळांना दहापैकी आठ-नऊ. एजंटला विचारलं तर तो शाळेबद्दल बोलायचं टाळतो. नेमकं काय बघायचं? आणि नववी सुरू होईपर्यंत थांबलं तर चालेल का?
एक आई, जर्सी सिटी

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे. नववीपर्यंत थांबू नका. जायचंच असेल तर सातवी संपल्यावरच्या सुट्टीत जा, म्हणजे आठवीचं अख्खं वर्ष मुलगी नव्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत) असेल.

याचं मुख्य कारण गणित. अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा हा पाच वर्षांचा क्रम आहे आणि हायस्कूल चार वर्षांचं. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचं तर अल्जिब्रा वन आठवीतच व्हायला हवं. तुम्ही नावं घेतलेल्या गावांत बरीच मुलं ते आठवीत संपवतात, काही त्याच्याही पुढे असतात. मुलगी थेट नववीत दाखल झाली आणि आधीच्या शाळेत अल्जिब्रा वन झालेलं नसेल, किंवा झालं असूनही नव्या शाळेच्या प्लेसमेंट टेस्टमध्ये ती कमी पडली, तर नववीत ती अल्जिब्रा वनला बसेल आणि बारावीत प्रीकॅल्क्युलसला थांबेल. हे नंतर भरून काढता येतं. दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू एकाच वर्षी घेता येतात, किंवा उन्हाळ्यात बाहेरचा एखादा कोर्स करता येतो. मात्र बाहेरचा कोर्स हायस्कूलने ग्राह्य धरावा यासाठी ‘ऑप्शन टू’ नावाची सोय आहे आणि तिच्यासाठी शाळेची मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी घ्यावी लागते. कोर्स आधी करून मग अर्ज घेऊन जाणाऱ्या पालकांचे पैसेही जातात आणि मुलाचा उन्हाळाही. आठवीत गेलात तर मिडल स्कूलचे शिक्षक मुलीला वर्षभर बघतात आणि नववीच्या वर्गांची शिफारस तेच करतात. ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गात जाण्याचा हा सगळ्यात सरळ रस्ता.

दुसरं कारण काउंटीच्या मॅग्नेट शाळा. न्यू जर्सीत बऱ्याच काउंट्यांच्या स्वतःच्या निवडक हायस्कूल आहेत. मिडलसेक्स काउंटीत एडिसन अ‍ॅकॅडमी आणि वुडब्रिज अ‍ॅकॅडमी, मॉनमथमध्ये हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, बर्गनमध्ये बर्गन काउंटी अ‍ॅकॅडमीज. सरकारी, बिनफीच्या आणि फक्त त्या काउंटीत राहणाऱ्यांसाठी. अर्ज आठवीच्या पहिल्या काही महिन्यांत भरायचे असतात, सातवीचे गुणही त्यात बघतात. आता नकाशा बघा. प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसर यांचं स्कूल डिस्ट्रिक्ट एकच आहे, पण प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत येतं आणि वेस्ट विंडसर मर्सरमध्ये. त्यामुळे एकाच डिस्ट्रिक्टमधल्या दोन मुलींपैकी प्लेन्सबरोतली एडिसन अ‍ॅकॅडमीला अर्ज करू शकते, वेस्ट विंडसरमधली नाही. घर बघताना काउंटीकडे फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणि मॅग्नेटचा विषय निघालाच आहे तर जर्सी सिटी सोडण्याआधी तिथलीच एक शाळा तपासा. मॅकनेअर अ‍ॅकॅडमिक ही जर्सी सिटीची निवडक सरकारी हायस्कूल राज्यातल्या उत्तम शाळांत गणली जाते. सिकॉकसला हडसन काउंटीची हाय टेक हायस्कूल आहे. मुलीचे गुण चांगले असतील तर काउन्सेलरला विचारा की तिच्यासारख्या मुलांना प्रवेश कितपत मिळतो. तुमच्या नवऱ्याचा प्रवास आज पाथ ट्रेनचा आहे, तो तसाच राहील. पण प्रवेशाची हमी नाही, निकाल कळेपर्यंत आठवी निम्म्याहून जास्त सरते, आणि तुमचा स्वतःचा रोजचा प्लेन्सबरोचा प्रवास सुटत नाही. धाकट्याच्या बाबतीत तर हा सगळा हिशेब पाच वर्षांनी पुन्हा मांडावा लागेल. दोन्ही मुलं धरली तर जाण्याकडेच आमचा कल आहे.

आता गावाविषयी. शाळा गावावरून ठरत नाही, घराच्या पत्त्यावरून ठरते. ‘एडिसन’ म्हणजे दोन हायस्कूल: उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला एडिसन हायस्कूल. मैत्रिणी ज्या शाळेचं कौतुक करतात ती बहुतेक जे. पी. स्टीव्हन्स असते. जॉन अ‍ॅडम्स आणि वुड्रो विल्सन या मिडल स्कूलची मुलं तिथे जातात, हर्बर्ट हूवर आणि थॉमस जेफरसनची एडिसन हायस्कूलला. त्या हद्दीमुळे घरांच्या किमतीतही फरक पडतो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्येही हायस्कूल दोन, साउथ आणि नॉर्थ, आणि त्यांची सीमारेषा टाउनशिपच्या हद्दीवरून जात नाही. साउथ ब्रन्सविक, मॉन्टगोमेरी, ब्रिजवॉटर-रॅरिटन इथे मात्र एकच हायस्कूल, तिथे हा घोळ नाही.

पोस्टाच्या पत्त्यावर तर मुळीच विसंबू नका. जाहिरातीत ‘प्रिन्स्टन, ०८५४०’ असं लिहिलेलं घर प्रत्यक्षात साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स, मॉन्टगोमेरी, वेस्ट विंडसर किंवा प्लेन्सबरो टाउनशिपमध्ये असू शकतं आणि त्याची शाळाही त्या-त्या टाउनशिपची असते. उलट क्रॅनबरीचं स्वतःचं डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतच आहे, तिथली मुलं पुढे प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. केंडल पार्क, मॉनमथ जंक्शन, डेटन ही नावं दिसली तर ते सगळं साउथ ब्रन्सविक. म्हणून घर आवडलं की ऑफर देण्याआधी डिस्ट्रिक्टच्या ट्रान्सपोर्टेशन किंवा रजिस्ट्रेशन ऑफिसला तो पूर्ण पत्ता ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: या पत्त्याची एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल कोणती, येत्या दोन-तीन वर्षांत हद्दी बदलण्याचा विचार चालू आहे का, या पत्त्याला बस मिळते का. उत्तर लेखी घ्या. झिलो किंवा रेडफिनवर दाखवलेली शाळा अंदाजाने दाखवलेली असते आणि एजंटच्या जाहिरातीखालीही माहितीची हमी नसल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हद्दी बदलण्याची चर्चा बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभांत होते. सभांची इतिवृत्तं डिस्ट्रिक्टच्या साइटवर मिळतात, मागच्या वर्षभराची वाचा.

एजंट गप्प का, तेही समजून घ्या. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे ग्राहकाला वंश किंवा मूळ देश बघून ठरावीक वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे. ‘चांगली शाळा’, ‘आपले लोक’ असं बोलणं त्या अंगाने धोक्याचं ठरतं, म्हणून जबाबदार एजंट शाळांबद्दल मत देत नाहीत. त्याला घर, किंमत, टॅक्स, पूर, छप्पर याबद्दल विचारा. शाळेचं काम तुमचं.

ते काम करायला दहापैकी किती हा आकडा अपुरा आहे. त्यातला मोठा भाग परीक्षेच्या गुणांवर बेतलेला असतो आणि त्या गुणांत गावातल्या कुटुंबांचं उत्पन्न आणि आईवडिलांचं शिक्षण फार उतरलेलं असतं. आठ आणि नऊमधला फरक तुमच्या मुलीच्या वर्गात काय होतं ते सांगत नाही. त्याऐवजी राज्याच्या शिक्षण खात्याचे स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. प्रत्येक शाळेचा दरवर्षी निघतो, फुकट असतो. त्यात चार गोष्टी बघा. पहिली, गणिताच्या कोर्सचा तक्ता: नववीतली किती मुलं अल्जिब्रा वनमध्ये, किती जॉमेट्रीत, किती पुढे. तुमची मुलगी ज्या रकान्यात बसेल तिथे तिच्यासारखी बरीच मुलं आहेत का, की ती एकटी मागे पडेल किंवा एकटी पुढे असेल, ते तिथे कळतं. दुसरी, एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स: किती टक्के मुलं एपीचा कोर्स घेतात, किती परीक्षेला बसतात आणि किती जणांना पाचपैकी तीन किंवा जास्त गुण मिळतात. कोर्स घेणारे खूप आणि परीक्षेला बसणारे थोडे असतील तर कारण विचारा. तिसरी, वर्षाचे दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण. हा आकडा वाढत असेल तर मुलांना शाळेत यावंसं वाटत नाही, किंवा यायला झेपत नाही. चौथी, छळ आणि दादागिरीच्या तक्रारींची नोंद. इथे शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन हजार मुलांच्या शाळेत शून्य म्हणजे बहुधा नोंदच होत नाही. धाकट्यासाठी एलिमेंटरी आणि मिडल स्कूलच्या अहवालात ‘स्टुडंट ग्रोथ’ बघा. ५० म्हणजे आधी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांइतकी प्रगती. गुण भरपूर पण ग्रोथ चाळिशीत, अशी शाळा असेल तर मुलं आधीच हुशार घरांतून येताहेत आणि शाळा फारशी भर घालत नाहीये, असं समजायला जागा आहे.

त्यानंतर शाळेच्या साइटवरून दोन कागद उतरवून घ्या: ‘प्रोग्राम ऑफ स्टडीज’ आणि ‘स्कूल प्रोफाइल’. पहिल्यात प्रत्येक कोर्सची पूर्वअट असते. ऑनर्समध्ये जायला आधीच्या वर्गात किती गुण लागतात आणि शिक्षकांनी शिफारस नाकारली तर पालकांना वेगळा निर्णय घेता येतो का, ते त्यात सापडतं. या बाबतीत डिस्ट्रिक्टगणिक फार फरक असतो, आणि नव्याने आलेल्या मुलीसाठी तो कुठल्याही क्रमवारीपेक्षा महत्त्वाचा. दुसरा कागद कॉलेजांना पाठवायचा असतो. अर्जदाराने त्याच्या शाळेत उपलब्ध असलेल्यातलं काय घेतलं, हे कॉलेजं त्यावरून बघतात. वीस-पंचवीस एपी असलेल्या शाळेत चार एपी घेतलेली मुलगी आणि दहा एपी असलेल्या शाळेत चारच घेतलेली मुलगी यांच्याकडे ती एकाच नजरेने बघत नाहीत.

स्पर्धेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी २०१५ साली पालकांना लांबलचक पत्र लिहून मुलांवरच्या ताणाचा प्रश्न उघडपणे मांडला होता. तिथे हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठाविना रात्री ठरवल्या गेल्या. त्यावरून पालकांत उघड दोन तट पडले, आणि त्यात आशियाई पालकांचा आवाज मोठा होता. अशी शाळा वाईट असं आम्ही म्हणत नाही, डिस्ट्रिक्टने प्रश्न लपवला नाही हे त्याच्या बाजूनेच आहे. पण तुमची मुलगी चुरशीत फुलते की मिटते, हे तुम्हालाच माहीत. मोठ्या शाळेत टेनिस संघात किंवा वाद्यवृंदात जागा मिळवणंही तितकंच अवघड असतं. तिला जे मनापासून आवडतं त्यात किती मुलं चाचणीला येतात आणि किती घेतात, ते त्या-त्या शिक्षकाला किंवा कोचला ईमेल करून विचारा. बहुतेक जण उत्तर देतात.

पैशाचं गणित घराच्या किमतीवर थांबत नाही. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स सरासरीने वर्षाला १० हजार डॉलरच्या आसपास आहे आणि तुम्ही बघताय त्या गावांत बऱ्याच घरांचा त्याहून जास्त. त्यातला साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त भाग शाळांकडे जातो. गावागावांचे टॅक्स रेट एकमेकांशी ताडून बघू नका. जिथे घरांचं मूल्यांकन जुनं तिथे रेट मोठा दिसतो, एडिसन हे त्याचंच उदाहरण. घराचं प्रत्यक्ष बिल बघा. १४ हजार आणि १० हजारांच्या बिलातला फरक महिन्याला ३३३ डॉलर. साडेसहा टक्के व्याजाने तीस वर्षांच्या कर्जात एवढ्या हप्त्यावर आणखी सुमारे ५२ हजार डॉलर कर्ज बसतं. म्हणजे कमी टॅक्सचं ५० हजारांनी महाग घर तुम्हाला जवळपास तेवढ्यालाच पडतं. नव्या बांधकामाच्या जाहिरातीत कधीकधी नुसत्या जमिनीचा टॅक्स लिहिलेला असतो. पूर्ण घराचं बिल नंतर येतं आणि महिन्याचा हप्ता एकदम चढतो. टाउनशिपच्या टॅक्स असेसरला फोन करून अंदाज घ्या. टाउनहाउस असेल तर एचओएची (तिथल्या घरमालकांच्या संघटनेची) फी वेगळी धरा. आठ लाखांत वेस्ट विंडसरमध्ये आणि उत्तर एडिसनमध्ये तुम्हाला टाउनहाउसच जास्त दिसतील, याची तयारी ठेवा.

प्रवास नकाशावर मोजू नका, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत मोजा. वेस्ट विंडसरमधल्या प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला साधारण सव्वा तास, एडिसनजवळच्या मेट्रोपार्कहून पाऊण तासाच्या आसपास. तुमच्या नवऱ्याला वर्ल्ड ट्रेड सेंटरला जायचंय, तर नेवार्कला उतरून पाथ पकडणं सोयीचं. स्टेशनवरच्या पार्किंग परमिटला प्रतीक्षायादी असते, घर घेण्याआधी तिची चौकशी करा. ब्रिजवॉटरची शाळा चांगली आणि भरपूर मोठी, पण ते रॅरिटन व्हॅली लाइनवर आहे. तिथल्या बहुतेक गाड्यांना नेवार्कला बदल आणि तुमच्या स्वतःच्या ऑफिसची दिशा उलटी. तुमच्या यादीतून ते आम्ही काढून टाकू. बसचंही बघा. राज्याच्या नियमाप्रमाणे डिस्ट्रिक्टने हायस्कूलच्या मुलांना अडीच मैलांपलीकडे आणि आठवीपर्यंतच्या मुलांना दोन मैलांपलीकडे बस द्यायची असते. दोन मैलांवरचं घर ‘शाळेजवळ’ म्हणून आवडतं, पण दोघं नोकरीला असाल तर जानेवारीच्या बर्फात मुलीला कोण सोडणार, हा प्रश्न रोजचा होतो. काही डिस्ट्रिक्ट पैसे घेऊन बसमध्ये जागा देतात, तेही विचारून घ्या.

हे सगळं तुमच्या घराला लावून बघितलं तर आमचं मत असं. यंदा घर विकत घेऊ नका. प्लेन्सबरोत फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, क्वेल रिज, रेव्हन्स क्रेस्ट अशी मोठी अपार्टमेंट कॉम्प्लेक्स आहेत. त्यांपैकी एखाद्यात एक वर्षाचं लीज घ्या, जुलैपासूनचं. पत्त्याची शाळा आधी वर सांगितल्याप्रमाणे लेखी विचारून. भाडेकरूच्या मुलांना शाळेत घरमालकाच्या मुलांइतकाच हक्क आहे. तुमचं ऑफिस जवळ येतं, काउंटी मिडलसेक्स असल्यामुळे मॅग्नेटचा अर्ज खुला राहतो, आणि एच-१बीवर नोकरी बदलली तर घर विकायच्या घाईत तुम्ही अडकत नाही. वर्षभरात मुलीला ती शाळा मानवते का ते दिसेल. नाही मानवली, तर साउथ ब्रन्सविककडे बघा. हायस्कूल एकच, त्यामुळे हद्द बदलण्याची भीती हायस्कूलपुरती नाही, आणि तुम्हाला ऑफिसही जवळच. गावात रेल्वे स्टेशन नाही, हा नवऱ्यासाठी तोटा. उत्तर एडिसन त्याच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं. त्याचे ऑफिसचे दिवस तीनाचे पाच होण्याची शक्यता असेल तर एडिसन यादीत वर घ्या. मराठी माणसांची काळजी करू नका. मध्य न्यू जर्सीत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात आणि या तिन्ही गावांतून तिथे गाडीने जाता येतं. धाकट्याला तिथे लगेच घाला, दुसरीचं वय त्यासाठी योग्य आहे.

लीजवर सही झाली की त्याच आठवड्यात शाळेच्या नोंदणीला लागा. जुलै-ऑगस्टमध्ये रजिस्ट्रेशन ऑफिसमध्ये गर्दी असते आणि गणिताची प्लेसमेंट टेस्ट याच काळात होते. लागणारे कागद: लीज, नव्या पत्त्यावरचं विजेचं किंवा इंटरनेटचं बिल, बँकेचं किंवा विम्याचं पत्र, मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाच्या नोंदी. सहावीपुढच्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस झालेली हवी, नसेल तर जूनमध्येच डॉक्टरांची वेळ घ्या. व्हिसा कोणता ते शाळा निवासाचा पुरावा म्हणून विचारू शकत नाही, त्या रकान्यावर अडू नका. जर्सी सिटीच्या शाळेतून दोन्ही मुलांच्या गुणपत्रिका आणि मोठीच्या गणिताच्या पुस्तकाचं नाव, झालेल्या धड्यांची यादी आणि शक्य असेल तर शेवटची परीक्षा जून संपण्याआधी मागून घ्या. सुट्टी लागली की शिक्षक सापडत नाहीत, आणि नव्या शाळेच्या गणित सुपरवायझरसमोर ठेवायला हाच कागद सगळ्यात उपयोगी पडतो.